गंगेतले न दिसलेले डॉल्फिन आणि आपले शालेय विज्ञान

६,३२७. ही संख्या तुमच्यापैकी अनेकांच्या वाचनात आली असेल. ३ मार्च २०२५ रोजी गीर येथे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या बैठकीत पंतप्रधानांनी नदी-डॉल्फिनच्या पहिल्या देशव्यापी गणनेचा अहवाल प्रसिद्ध केला. आठ राज्यांतल्या २८ नद्या आणि सुमारे ८,५०० किलोमीटरचा जलमार्ग पिंजून काढल्यावर हाती आलेला हा आकडा. त्यात उत्तर प्रदेशाचा वाटा सर्वाधिक, २,३९७. दुसऱ्या दिवशी वाराणसीतल्या शाळाशाळांच्या फळ्यांवर तो सुविचारासारखा लिहिला गेला, आणि सामान्यज्ञानाच्या वह्यांमध्ये 'राष्ट्रीय जलचर प्राणी' या जुन्या उत्तराखाली एक नवी ओळ वाढली.

मी ज्या शाळेत महिन्यातून दोनदा अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायला जाते, तिथल्या एका मुलीने मला विचारले, "मॅम, ६,३२६ का नाही?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. एक तर त्याचे अर्धे उत्तर गमतीचे आहे: या ६,३२७ पैकी तीन डॉल्फिन गंगेच्या खोऱ्यातले नाहीतच. ते पंजाबात बियास नदीत राहणारे सिंधू डॉल्फिन आहेत, म्हणजे गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांचा आकडा ६,३२४. उरलेले अर्धे उत्तर असे की, ही संख्या कोणी बोटांवर मोजलेली नाही, ती अंदाजलेली आहे. अहवालात अशा अंदाजासोबत त्याचा पल्ला, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दिलेला असतो. बातमीपर्यंत येताना तो गळून पडतो आणि मागे उरतो एक गुळगुळीत आकडा, जो पाठ करण्यापलीकडे मुलाच्या काही उपयोगाचा नसतो.

माझे संशोधन घन पदार्थांवरचे आहे, प्राण्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण अदृश्य गोष्टी मोजणे हा आम्हा भौतिकशास्त्रज्ञांचा पिढीजात धंदा. म्हणून मी त्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि दोन निरीक्षकांची पद्धत फळ्यावर मांडली.

पद्धत साधी आहे. गढूळ पाण्यातला हा प्राणी श्वास घेण्यासाठी वर येतो तो जेमतेम सेकंदभर. त्यामुळे कोणताही निरीक्षक काही डॉल्फिन हुकवणारच. मग एकाच नावेवर दोन निरीक्षक एकमेकांना न कळू देता नोंदी करतात. समजा पहिल्याला आठ दिसले, दुसऱ्याला सहा, आणि वेळ व दिशा ताडून पाहता त्यांतले चार सामाईक निघाले. दुसऱ्याने पाहिलेल्या सहांपैकी चार पहिल्यालाही दिसले होते, म्हणजे पहिल्याची नजर तीनातले दोन टिपते. त्याला आठ दिसले असतील, तर प्रत्यक्षात बारा असावेत. दोघांनी मिळून पाहिले दहा. उरलेले दोन कोणालाच दिसले नाहीत, तरी ते आहेत असे आपण म्हणतो, आणि तसे म्हणण्याला आपल्यापाशी कारण आहे. राष्ट्रीय गणनेत याच तत्त्वाचे अधिक काटेकोर रूप वापरले गेले, आणि त्याच्या जोडीला पाण्याखालचे ध्वनी टिपणारे हायड्रोफोन होते.

"पण ते दोन खरेच असतात का?" त्याच मुलीने विचारले. याचे उत्तर फळ्यावर नव्हते.

जानेवारीत आम्ही चौदा जण कैथीला गेलो. वाराणसीपासून सुमारे तीस किलोमीटरवर, मार्कंडेय महादेवाच्या देवळाजवळ, गोमती गंगेला मिळते. संगमापाशी पाणी वळते, तळ खरवडला जाऊन डोह तयार होतात, तिथे मासे थांबतात आणि माशांमागे डॉल्फिन. इकडे त्याला सूंस म्हणतात. (संस्कृतातला 'शिशुमार' इथे येईपर्यंत 'सूंस' झाला आणि आपल्याकडे पोहोचेपर्यंत 'सुसर'. प्राणी बदलला, नाव मात्र राहिले.) परवानगीची पत्रे, पालकांच्या सह्या, लाइफ जॅकेट यांची जमवाजमव करण्यात दीड महिना गेला. प्रत्यक्ष नदीवर आम्ही तीन तास होतो.

नाव वल्हवायला एक मल्लाह आणि त्याचा मुलगा होता. मुलगा दहावीत, दुसऱ्या एका शाळेत. त्या दिवशी शाळा बुडवून आला होता, कारण वडिलांना दुसरा हात हवा होता. आमच्या यादीत त्याचे नाव 'नाव : दोन माणसे' या खर्चाच्या ओळीत होते.

मुलांचे दोन गट केले. एक नावेच्या नाकावर, दुसरा मागे, मधे पडद्यासारखी ताडपत्री. धुके विरले आणि नाव प्रवाहाबरोबर संथपणे खाली जाऊ लागली. पहिला सूंस डावीकडे वर आला, राखाडी पाठ, लांब चोच, फुस्स असा श्वास, आणि नाकावरची सगळी मुले एका सुरात ओरडली, "तो बघा!" त्यानंतर तीन तास कोणालाही स्वतःला आवरता आले नाही. मलाही नाही, हे प्रांजळपणे सांगते.

काठावर येऊन हिशेब केला. पहिल्या गटाला नऊ दिसले, दुसऱ्याला आठ, आणि ते आठही सामाईक. सूत्रात घातले तर उत्तर नऊ. म्हणजे एकही सूंस आमच्या नजरेतून सुटला नव्हता! मुले खूश झाली. मल्लाहाचा मुलगा दोर गुंडाळता गुंडाळता हसत होता. मी कारण विचारले तेव्हा आधी तो गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, पिल्लाबरोबरची जी आहे ती तुम्ही दोनदा लिहिलीत. आणि त्या दरडीखालच्या डोहात आणखी आहेत, नावा गेल्यावर वर येतात. ओरडल्यावर तर येतच नाहीत."

त्याच्या या तीन वाक्यांत आमच्या पद्धतीतल्या तीन गृहीतकांची तपासणी होती. एक, प्रत्येक प्राणी एकदाच मोजला जातो. दोन, प्रत्येकाला दिसण्याची सारखीच संधी असते. तीन, निरीक्षकाच्या असण्याने प्राण्याचे वागणे बदलत नाही. चौथे गृहीतक, दोन निरीक्षक परस्परांपासून स्वतंत्र असतात, हे तर आम्ही पहिल्याच आरोळीने मोडले होते. दोन्ही गटांचे इतके छान जुळले ते एकाच आवाजाकडे दोघांनीही माना वळवल्या म्हणून. हे वाक्य पुस्तकात वाचले असते तर मुलांनी ते पाठ केले असते. इथे ते त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात, चुकीचे उत्तर होऊन बसले होते.

माझीही एक फजिती सांगायला हवी. मी हौसेने एक स्वस्तातला हायड्रोफोन आणि गाण्यांचे रेकॉर्डिंग करणारे यंत्र नेले होते. गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यांत भिंग नसते. उजेड-अंधारापलीकडे त्याला फारसे काही दिसत नाही, तो ध्वनीच्या प्रतिध्वनीवर जगतो. त्याच्या टिकटिकीचा मुख्य जोर ६० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. भागाकार केला तर तरंगलांबी अडीच सेंटिमीटर येते. लहान मासा 'दिसायला' साधारण एवढीच बारीक लहर लागते. अकरावीच्या तरंगांच्या प्रकरणाला यापेक्षा देखणे उदाहरण मला ठाऊक नाही. पण माझे यंत्र सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारे, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच त्याला टिपता येत नाही. हे मला माहीत होते, तरी टिकटिकीचा खालचा काही भाग तरी सापडेल अशा आशेवर मी होते. सापडली ती लांबवरच्या डिझेल इंजिनाची धडधड, पूर्ण तीन तास. एका मुलाने कानाला हेडफोन लावून विचारले, "त्यांना सारखे हेच ऐकू येते?" मयूख डे, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमधल्या गंगेत नेमका हाच प्रश्न तपासला होता. उन्हाळ्यात पाणी उथळ झाल्यावर नावांच्या इंजिनांचा गोंगाट डॉल्फिनच्या ध्वनिवर्तनात बदल घडवतो आणि त्यांच्या शरीरावरचा ताण वाढवतो, असे त्यांच्या २०१९ मधल्या शोधनिबंधाने दाखवले. मुलांनी तो निबंध पुढच्या आठवड्यात स्वतः शोधून वाचला. अर्धाच समजला असेल, पण वाचला.

आता ज्यासाठी हे सारे लिहीत आहे तो मुद्दा. आपल्याकडे पर्यावरण शिक्षण सक्तीचे आहे. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी तसा निर्देश दिला, त्याला तीन दशके उलटून गेली. प्रत्यक्षात हाती काय आले? भित्तिपत्रकांच्या स्पर्धा, ५ जूनची रोपे, आणि निबंध. बारावीच्या जीवशास्त्रात 'पर्यावरणीय समस्या' हे एक बरे प्रकरण होते, ते एनसीईआरटीने २०२२ च्या कपातीत काढून टाकले. दुसऱ्या टोकाला नवी बाजारपेठ उभी राहिली आहे. महागड्या शाळांतली मुले सुट्टीत प्रवाळ पाहायला अंदमानला, वर्षावन पाहायला कोस्टारिकाला जातात, दहा दिवसांत 'संवर्धन' शिकून प्रमाणपत्र घेऊन येतात. त्या मुलांचा मला राग नाही. प्रवाळ एकदा तरी पाहावे, डोळ्यांचे पारणे फिटते. पण जिथे आपण पुन्हा कधी जाणार नाही, तिथे केलेले निरीक्षण म्हणजे फार तर चांगले पर्यटन. बदल दिसायला दोन वेळा पाहावे लागते, आणि संवर्धन हा सगळा बदलाचाच हिशेब आहे.

"पण वाराणसीत समुद्र कुठे आहे?" असा आक्षेप एका पालकांनी घेतला होता. एके काळी समुद्र इथे दरवर्षी येत असे. हिलसा मासा बंगालच्या उपसागरातून अंडी घालायला गंगेत शिरे, तो वाराणसी ओलांडून प्रयागराजच्याही वर पोहोचे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतला हिलसा जवळपास संपला. घाटांवरच्या म्हाताऱ्या मल्लाहांकडून त्याच्या चवीच्या आठवणी अजून ऐकायला मिळतात. एका पिढीने जेवलेला मासा पुढच्या पिढीला नावानेही ठाऊक नाही. सागरी परिसंस्था शिकवायला याहून जवळचा धडा कोणता? उलट दिशेने पाहा: २०१९ च्या 'सी टू सोर्स' मोहिमेतल्या संशोधकांनी बांगलादेशापासून हिमालयापर्यंत गंगेकाठी टाकून दिलेली मासेमारीची जाळी मोजली, आणि त्यांचा धोका कासवांना व डॉल्फिनना सर्वाधिक असल्याचे दाखवून दिले. ती जाळी पुढे त्याच उपसागरात जातात, जिथे ओडिशाचे ऑलिव्ह रिडले कासव पोहते. आणि ते कासव काही परके नव्हे. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर! पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांची कासवे वेगळी, असे मानणाऱ्यांना त्या एका पट्टीने पुन्हा विचार करायला लावला.

वर्षावनाचेही तसेच. त्यासाठी ॲमेझॉन गाठायची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी प्रजाती नोंदली गेली, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्या कुंडावर लोक कधीपासून हात-पाय धूत होते! काशीतही कुंडांना तोटा नाही, त्यांत कोणी डोकावून पाहिले आहे का, हे मी मुलांवर सोपवले आहे.

यापुढचा भाग लिहावा की नाही, याचा मी बराच विचार केला. १९८९ मध्ये, गंगा कृती योजनेच्या काळात, रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. सारनाथच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली हजारो कासवे त्यात सोडली गेली. अर्धवट जळलेले मृतदेह मांसाहारी कासवांनी खाऊन नदी स्वच्छ करावी, अशी त्यामागची कल्पना होती. २०२० मध्ये हे अभयारण्य रद्द झाले, आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांत सुमारे तीस किलोमीटरचे नवे अभयारण्य आले. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी जन्मापासून रोज तो पट्टा पाहिला होता. ते अभयारण्य होते हे चौदापैकी एकालाच माहीत होते.

आम्ही वर्गात त्याची उलटतपासणी केली. एका बाजूचे म्हणणे: घाटांची गर्दी, नावांची वर्दळ, सांडपाणी यांमुळे ती जागा कासवांना योग्य राहिलीच नव्हती. कागदावरचे अभयारण्य ठेवून काय साधणार? वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाचा सूरही असाच होता. दुसरी बाजू: जागा अयोग्य झाली ती कोणामुळे, आणि ती योग्य करण्याऐवजी संरक्षणच उठवले तर हा नियम उद्या कुठेही लावता येईल. जलमार्ग आणि वाळू यांचा प्रश्नही निघाला. मुले तावातावाने भांडली. सोडलेल्या कासवांपैकी किती जगली हे तपासण्यासाठी काय मोजावे लागले असते, यावर शेवटी वाद येऊन ठेपला, आणि तो वाद शुद्ध विज्ञानाचा होता. त्यांनी या साऱ्याचा एक मोठा तक्ता केला. तो शाळेच्या प्रदर्शनात लागला नाही. "डॉल्फिनचा ठेवा, हा नको," असे मला सांगण्यात आले, अगदी सौजन्याने. मी वाद घातला नाही आणि त्याची खंत मला आजही आहे. तक्त्यात कोणावर आरोप नव्हता. दोन रकाने होते आणि खाली 'आम्हाला आणखी काय माहीत हवे' असा तिसरा. यशाचीच उदाहरणे दाखवून संवर्धन शिकवणे म्हणजे बरोबर आलेलेच प्रयोग वहीत उतरवून घेण्यासारखे आहे, आणि तसे करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही प्रयोगशाळेत ओरडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वेळास आठवत असेल. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून तिथे कासवांच्या अंड्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, घरटी शोधणारी, पिल्ले मोजणारी आणि पाहुण्यांना समजावून सांगणारी माणसे गावातलीच होती. ज्यांना किनारा आधीच ठाऊक होता, त्यांच्या हाती वही आली. आमच्या कैथीच्या फेरीत ज्याला नदी ठाऊक होती, त्याच्या हाती वल्हे होते, आणि वही धरलेल्यांना पाण्यातले काही कळत नव्हते.

म्हणून शाळांकडे माझे मागणे फार मोठे नाही. वर्षातून एकदा लांब जाण्याऐवजी एकाच जागी दोनदा जा, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच महिन्यात जा, आणि आधीच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीला द्या, चुकांसकट. गुण द्यायचेच असतील तर दिसलेल्या प्राण्यांच्या संख्येला देऊ नका, ती वाढवण्याचा मोह मोठा असतो. अनिश्चिततेची कारणे लिहिण्याला द्या. आणि नावेच्या खर्चातली ती 'दोन माणसे' विद्यार्थ्यांच्या यादीत आणा. सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, दीड महिन्याच्या कागदपत्रांबद्दल माझी तक्रार नाही. पण कागदपत्रांच्या भीतीने नदी बंद ठेवणाऱ्या शाळा सहलीला मात्र वॉटरपार्कला नेतात, हे पाहून गंमत वाटते.

दुसऱ्या फेरीला आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो. मल्लाहाच्या मुलाला त्याच्या शाळेकडून एका दिवसाची रीतसर परवानगी मिळवली. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे त्याचे वडील नाखूश होते, आणि त्यांचे चुकीचे होते असे मला म्हणवत नाही. वल्ह्यावर त्याचा चुलतभाऊ बसला. हा मागच्या गटात, हातात पेन्सिल, ताडपत्रीच्या पलीकडे. बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही, वेळ आणि दिशा लिहायची. दरडीपाशी नाव अर्धा तास स्थिर ठेवली, ही त्याची सूचना होती. या वेळी पहिल्या गटाला सात दिसले, दुसऱ्याला पाच, सामाईक तीन.

सात गुणिले पाच भागिले तीन, ११.६७. ६,३२६ चा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने आकडा मोठ्याने वाचला आणि सगळे हसले, कारण ०.६७ सूंस कसा असतो कोणालाच सांगता येईना. मग प्रत्यक्ष दिसले किती, असे त्या मुलाने विचारले. नऊ. तो म्हणाला, पिल्लूवाली या वेळी एकदाच लिहिली आहे, ती त्याने तपासली होती. वहीत आधी ११.६७ लिहिले गेले, मग ते खोडून 'बाराच्या आसपास, नऊहून कमी नाही'. खाली कारणे लिहायला त्यांनी पान उलटले आणि वही त्याच्याकडे सरकवली. तो हिंदीत लिहीत होता, हळूहळू, एकेक ओळ विचारून. आम्ही तिसऱ्या कारणापर्यंत आलो होतो तेव्हा उन्हे उतरली आणि चुलतभावाने नाव सोडायची घाई केली.